पासिंग ताजं आहे

जाहिरात चार ओळींची होती. 'व्हॅन विकणे आहे. पिवळी पाटी. पासिंग ताजं, टायर सत्तर टक्के, इंजिन पॅक. एक रुपयाचं काम नाही. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.'

मी एकतीस वर्षं शाळेत काढली आहेत. सत्तर टक्के हा आकडा दिसला की माझा हात आपोआप पाठ थोपटायला पुढे होतो. आमच्या वेळी सत्तर टक्क्यांना गावात पेढे वाटले जायचे. टायरला हे सत्तर टक्के कुठल्या बोर्डानं दिले, पेपर कुणी तपासला, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

गाडीची गरज तशी मला नव्हती, पोळ्यांना होती. बायको आणि मेहुणी मिळून गुळपोळ्या आणि शेंगापोळ्या करतात. आधी हे संक्रांतीपुरतं होतं. मग संक्रांत वर्षभर चालू राहिली. घरातल्या दिवाणावर, टीव्हीवर, माझ्या पुस्तकांच्या कपाटात पोळ्यांची खोकी दिसायला लागली, आणि एकदा भाड्याच्या टेम्पोवाल्यानं आमची खोकी आणि सिमेंटची पोती एकाच फेरीत नेली, तेव्हा ठरलं की आपली गाडी हवी. फंडाचे पैसे बँकेत पडून होते. "पडून राहण्यापेक्षा फिरतील तरी," असं बायको म्हणाली. ते इतके फिरतील असं तिलाही वाटलं नसावं.

गाडी बघायला मेहुणा बरोबर होता. गाडीतलं त्याला कळतं असा घरात समज आहे, आणि तो त्यानं स्वतः पसरवलेला आहे. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चारही टायरना एकेक लाथ मारली, दार उघडून जोरात लावलं, बॉनेटमध्ये वाकून "हं" म्हणाला. जुनी गाडी बघण्याचा हा विधी महाराष्ट्रभर असाच आहे. लाथ मारून टायरचं नेमकं काय कळतं हे मी त्याला परतताना विचारलं. "दाजी, समोरच्याला कळतं की आपल्याला कळतंय," तो म्हणाला.

मी मात्र टायरकडे बघितलंच नाही. माझं लक्ष मालकाच्या हातातल्या प्लास्टिकच्या फाइलकडे होतं. त्यानं त्यातून नमुना ३८ काढला. म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, फिटनेस. शिक्का होता, तारीख होती, मुदत होती. सरकारच्या माणसानं गाडी तपासली आणि ती रस्त्यावर चालवायला योग्य आहे असं लिहून दिलं. तपासणी होऊन तीनच आठवडे झाले होते. प्रमाणपत्र या वस्तूवर माझा आयुष्यभराचा विश्वास. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असलेली शेकडो मुलं मी शिकवली, तरीही विश्वास. मी तिथंच मान डोलावली.

आता हा 'पासिंग' शब्द. इंग्रजी येणाऱ्या माणसाला तो कळणार नाही, कारण तो मराठी आहे. गाडी कुठल्या आरटीओत नोंदली त्यालाही आपण पासिंग म्हणतो, 'एमएच बारा पासिंग'. आणि ती दरवर्षी धडधाकट ठरते त्यालाही पासिंगच. माणसाचं गाव आणि माणसाची तब्येत एकाच शब्दात सांगण्याची ही सोय आपण फक्त गाड्यांना दिली आहे. कायदा त्याहून पुढे जातो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम ५६ प्रमाणे धंद्याच्या गाडीकडे चालू योग्यता प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे गाडी दारात उभी आहे, कुत्रं तिच्याखाली झोपलंय, पण कायद्याच्या नजरेत ती नाही. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं निवांत, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी, आणि आठ ओलांडली की दरवर्षी. आमची नऊ वर्षांची. साठी उलटलेल्या माणसासारखी तिला दर साली आपण जिवंत असल्याचा दाखला देणं भाग होतं. पेन्शनसाठी मीही नोव्हेंबरात तो देतो, त्यामुळे गाडीबद्दल एक आपलेपणा वाटला.

आठवड्याभरात आपलेपणा ओसरला. वळणावर पुढून 'कट कट' असा आवाज यायला लागला. मी गाडी घेऊन बायपासजवळच्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी पान बाजूला सारलं, गाडीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा माहेरी आलेली लेक दिसावी तसा फुलला.

"अरे, ही तर आपलीच गाडी! गेल्या महिन्यात आपणच पासिंग करून दिलं हिचं."

"मग आवाज कसा येतोय?"

"आवाज आधीपासूनच आहे की सर. टायरॉड एंड गेलाय."

"आणि पास कशी झाली?"

मिस्त्रींनी मला गॅरेजच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं पत्र्याच्या शेडखाली एक निळी ताडपत्री होती. ती त्यांनी देव्हाऱ्याचा पडदा सारावा तशी बाजूला केली. आत चार टायर होते. बटन, म्हणजे कोरे करकरीत! नव्या टायरवर रबराचे जे बारीक केस असतात तेसुद्धा कडेला शाबूत. शेजारी एक स्टेपनी, वायपरची जोडी, चांगला हॉर्न, पुढचे दोन दिवे, रिफ्लेक्टर, चिखल अडवायचे फडके, धोक्याचा लाल त्रिकोण आणि पांढऱ्या रंगाची, लाल फुलीची प्रथमोपचार पेटी.

"हा पासिंगचा सेट," मिस्त्री म्हणाले. "सकाळी बसवायचा, आरटीओच्या मैदानावर जायचं, दुपारी काढायचा. दिवसाचं भाडं घेतो."

"टायरॉडचं काय?"

"तो घट्ट बांधला होता. मैदानावर दोनदा वळायचं असतं, सर. तेवढं टिकतंय."

मी त्या टायरांकडे बघत राहिलो. काय त्यांचं आयुष्य! गॅरेज ते मैदान आणि मैदान ते गॅरेज, याच्यापलीकडचा रस्ता त्यांनी पाहिलेला नाही. खड्डा माहीत नाही, खिळा माहीत नाही. दर वेळी वेगळी गाडी अंगावर घ्यायची आणि पास होऊन परत यायचं. दुधाची गाडी, भाजीचा टेम्पो, डेकोरेशनवाल्याचा छोटा हत्ती. किती वेळा पास झाले असतील, असं मी विचारलं. मिस्त्री हिशेब ठेवत नाहीत, पण शंभराच्या वर असतील म्हणाले. माझ्या वर्गातून इतक्या सातत्यानं पास झालेला एकही विद्यार्थी नाही.

"मापं वेगवेगळी असतात ना पण गाड्यांची?"

"तीन सेट आहेत," मिस्त्री म्हणाले. "हा व्हॅनचा. शाळेच्या मुलांच्या व्हॅनलाही हाच बसतो."

इथं माझं हसू थोडा वेळ थांबलं. मिस्त्रींचंही थांबलं असावं, कारण त्यांनी ताडपत्री पुन्हा ओढली आणि चहा सांगितला.

चहा पिताना मला राग आणायचा होता. प्रमाणपत्र माझ्या गाडीचं नव्हतंच, ते त्या चार टायरांचं होतं, आणि त्यांच्यापुरतं अक्षरन् अक्षर खरं होतं. मी फंडाचे पैसे देऊन जे विकत घेतलं ते त्या टायरांच्या प्रगतिपुस्तकाला जोडलेलं एक वाहन. राग यायला काहीच हरकत नव्हती. पण नेमका त्याच वेळी मला पृथ्वीचा गोल आठवला.

आमच्या केंद्रात सात शाळा आणि पृथ्वी एक. शाळा तपासणी जाहीर झाली की ती पृथ्वी सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून आमच्याकडे यायची. तिच्याबरोबर मानवी सांगाड्याचा तक्ता, दोन चंचुपात्रं, एक सूक्ष्मदर्शक आणि ग्रंथालयाच्या नोंदीत होती पण कपाटात नव्हती अशी पंचवीस-तीस पुस्तकं. साहेब यायचे, गोल फिरवून बघायचे, एखाद्या पोराला "जपान दाखव" म्हणायचे. पोरगं जपान दाखवायचं, कारण आदल्या दिवशी आम्ही जपानवर पेन्सिलीनं बारीक टिंब केलेलं असायचं. शेरा मिळायचा, 'शैक्षणिक साहित्य समाधानकारक'. दुसऱ्या दिवशी पृथ्वी पुढच्या शाळेत. एकाच आठवड्यात त्याच गोलावर तोच शेरा त्याच साहेबांनी चार शाळांना दिला होता. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. जपानवरचं टिंब दर शाळेगणिक मोठं होत गेलं होतं. पृथ्वी मिळाल्याच्या पोचपावतीवर माझी सही असायची.

तेव्हा मी मिस्त्रींना एवढंच म्हणालो, "टायरॉड एंड बदला. आणि टायर बघून घ्या." त्यांनी बघितलं. नियमाप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. आमच्या पुढच्या डाव्या टायरवर नक्षी कुठं होती हे शोधायला हाताचा स्पर्श लागला. सत्तर टक्के खरंच होते, फक्त झिजेचे.

चार टायर, दोन टायरॉड एंड आणि एका बॅटरीचे पैसे गेल्यावर गाडी ठीक झाली असं आम्ही धरून चाललो. मग रत्नागिरीची ऑर्डर आली. चारशे किलो पोळ्या. मेहुणा गाडी चालवत होता, मी शेजारी. मलकापूर सोडलं, आंब्याला चहा झाला आणि आंबा घाट उतरायला लागलो. पावसाळा संपत आलेला, डोंगर हिरवेगार, दरीत धुकं. मेहुणा कौतुकानं दरी दाखवत होता आणि उजव्या पायानं सारखा ब्रेक दाबत होता. साताठ वळणं झाल्यावर त्याचं बोलणं बंद झालं. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "दाजी, ब्रेक खाली गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय लावतोय, पण तिथं कुणी नाही."

हँडब्रेक, खालचा गियर आणि डोंगराकडची गटाराची कड या तिघांनी मिळून आम्हाला थांबवलं. मागच्या चाकांतून जळक्या वासाचा धूर येत होता. मागून येणारा ट्रकवाला थांबला. त्यानं खाली उतरून चाकाकडे बघितलं, मग मेहुण्याकडे. "पाव्हणं, ज्या गियरात चढतोय त्याच गियरात उतरायचं असतंय," असं म्हणून तो लघवीला गेला. अर्धा तास आम्ही कठड्यावर बसलो. माकडांनी एक खोकं फोडून शेंगापोळ्यांची तपासणी केली आणि त्या बिनशर्त पास केल्या. गाडी थंड झाली. मेहुण्यानं पाय ठेवला तर ब्रेक जागेवर! दगडासारखा घट्ट. जणू काही झालंच नव्हतं.

हे काय प्रकरण आहे ते मिस्त्रींनी नंतर समजावलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. गाड्यांत सर्रास घालतात ते डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यालेलं असलं की हीच हद्द १४० अंशांवर येऊन ठेपते. घाटात ब्रेक सारखा दाबला की चाकं तापतात, ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पायाचा जोर ब्रेकपर्यंत पोचतच नाही, तो बुडबुडे दाबण्यात खर्ची पडतो. गाडी निवली की बुडबुडे विरतात आणि पुरावा नाहीसा होतो. आमच्या गाडीतलं ऑइल काळं पडलं होतं. किती पावसाळ्यांचं ते त्यांनाही सांगता येईना.

"पण ब्रेकची तर टेस्ट असते," मी म्हणालो.

असते. ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं यायचं, ब्रेक दाबायचा, १३ मीटरच्या आत थांबायचं. पूर्वी ही परीक्षा कार्यालयासमोरच्या रस्त्यावर, रिक्षा आणि म्हशी चुकवत व्हायची. मग मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि प्रत्येक आरटीओला २५० मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक हवा असं ठरलं. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांच्यावर गाड्यांच्या तपासण्या थांबवायची वेळ आली होती. ट्रॅक चांगलाच आहे, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण तो सपाट आहे. गाडी तिथं रिकामी येते, थंड येते आणि ब्रेक एकदाच दाबते. आणि उरलेलं वर्षभर ती भरलेली असते, तापलेली असते, आणि उतारावर असते. आमच्या व्हॅननं मैदानावर १३ मीटरच्या आत थांबून दाखवलं असेलच, मला शंका नाही. त्या दिवशी आंबा घाटही तिथं असता तर गोष्ट वेगळी.

दिवाळीत इंग्लंडातल्या लेस्टरहून भाचा आला होता. तो तिकडे केटरिंगचा व्यवसाय करतो, आणि त्यानंही नुकतीच जुनी व्हॅन घेतलेली. मला वाटलं, समदुःखी. तर त्यानं खिशातून फोन काढला, त्याच्या व्हॅनचा नंबर टाकला आणि तिची सगळी कुंडली माझ्यापुढे धरली. तिकडे याला एमओटी म्हणतात. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची आद्याक्षरं. ते खातं त्या नावानं आता उरलं नाही, नाव उरलं. (आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनीनं २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी माल नेणारं काहीही दिसलं की आपण टेम्पोच म्हणतो, तसं.) ही तपासणी १९६० साली सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षं जुन्या गाड्यांची होती. १९६७ पासून गाडी तीन वर्षांची झाली की पहिली तपासणी, आणि मग दरवर्षी.

मला भुरळ पडली ती त्यातल्या एका सदरानं. पास आणि नापास यांच्या मधे तिकडे एक तिसरी गोष्ट आहे. गाडी पास, पण तपासनीस खाली लिहून ठेवतो: मागचा ब्रेक पाइप गंजायला लागलाय. पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजतेय. तेल किंचित पाझरतंय. हा तर प्रगतिपुस्तकातला शेरा! 'वरच्या वर्गात घातले आहे, परंतु अक्षर सुधारावे.' मी हरखलो. भाच्याच्या व्हॅनचा तो ब्रेक पाइप एका वर्षी 'गंजायला लागलाय' होता, पुढच्या वर्षी 'बराच गंजलाय', त्याच्या पुढच्या वर्षी नापास. मग चार दिवसांनी पास. दर वर्षीचे मैलही तिथं लिहिलेले, त्यामुळे मीटर मागे फिरवायचा म्हटलं तर सगळ्या जगासमोर फिरवावा लागेल. मी रात्री साडेअकरापर्यंत एका अनोळखी व्हॅनचं चरित्र वाचत बसलो. हिनं येऊन दिवा बंद केला.

"मग तिकडे फसवणूक नाहीच?" मी सकाळी भाच्याला विचारलं.

"मामा, घेतल्यावर दोन महिन्यांत क्लच गेला."

"आणि ते सर्टिफिकेट?"

"त्यात इंजिन, क्लच, गिअरबॉक्स बघतच नाहीत. तसं त्यांनी स्वच्छ लिहिलेलंही आहे. मी वाचलं नव्हतं."

घराण्यात गुण उतरतात ते असे.

आपल्याकडेही आता यंत्रं येतायत. २०२१ साली केंद्रानं स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. गाडी रोलरवर चढवायची, प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजायचा, डाव्या-उजव्यात फरक किती ते बघायचं. दिव्याचा झोत, धूर, आवाज, चाकांची ओढ, स्पीडोमीटर, सगळं यंत्र बघणार आणि निकालही यंत्रच नोंदवणार. केंद्र चालवणाऱ्यानं गाड्यांची दुरुस्ती करायची नाही आणि सुटे भागही विकायचे नाहीत, असंही कलम त्यात आहे. ते लिहिणाऱ्यानं नक्की कधीतरी जुनी गाडी घेतली असणार. अवजड गाड्यांना १ एप्रिल २०२३ आणि हलक्यांना १ जून २०२४ पासून हे सक्तीचं व्हायचं होतं, पण तारखांचंही पासिंग असतं. त्या पुढं पुढं सरकत राहिल्या, आणि आमच्या भागात यंत्र अजून 'येणार आहे' याच अवस्थेत आहे.

मी मिस्त्रींना विचारलं, "मशीन आलं की तुमच्या सेटचं काय हो?"

मिस्त्रींनी शांतपणे पाना पुसला. "मशीनला काय कळतंय सर, टायर कुणाचे ते?" थोडा विचार करून ते म्हणाले, "रोलरवर घासतात मात्र जास्त म्हणे. भाडं वाढवायला लागंल."

वर्ष सरलं. आमच्या पासिंगची तारीख आली. ती चुकवून चालत नाही; मुदत संपली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्काचा नियम आहे. मिस्त्रींचा फोन आला, सेट मोकळा आहे, आणू का. मी नको म्हणालो. या वर्षी गाडी स्वतःच्या पायावर उभी राहील, असं मी जरा जास्तच ठसक्यात सांगितलं. टायर आमचे होते, नवे. ब्रेक ऑइल बदललं होतं, लायनर बदलले होते, नळ्या बघितल्या होत्या. पुढं पांढरा, बाजूला पिवळा आणि मागं लाल असा रेडियम मेहुण्यानं स्वतः सरळ रेषेत लावला होता. प्रथमोपचार पेटीसुद्धा मी नवी घेतली, आणि बायकोनं आत खरा कापूस, खरं मलम, खरी पट्टी ठेवली. वरून एक गुळपोळीही ठेवली. चक्कर आली तर असू दे, म्हणाली.

मैदानावर सकाळी आठला रांग लागली होती. गाड्या अशा नटून आलेल्या की लग्नाचं वऱ्हाड वाटावं. काहींच्या अंगावरचा रंग हाताला लागत होता. आमच्यापुढं तीन गाड्या सोडून एक पांढरी व्हॅन होती. तिचे टायर मी लांबूनच ओळखले. कडेचे केस अजून शाबूत होते.

आमचा नंबर आला. साहेब तरुण होते, बोलायला नीट. त्यांनी टायर बघितले, वाकून खालून बघितलं, स्टिअरिंग हलवलं. मेहुण्यानं गाडी ट्रॅकवर नेली, वेग घेतला, ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी, देवापुढं नारळ ठेवावा तशी थांबली. माझा ऊर भरून आला. साहेब मागे गेले आणि म्हणाले, "दिवे लावा." दिवे लागले. "ब्रेक दाबा." लाल दिवे लागले. साहेब वाकले.

"नंबर प्लेटचा दिवा लागत नाही."

मागच्या पाटीवर उजेड पडण्यासाठी एक करंगळीएवढा दिवा असतो. तो गेला होता. वर्षभर आम्ही ब्रेक, टायर, ऑइल, लायनर यांच्यामागे होतो. त्या दिव्याचं अस्तित्व मला, मेहुण्याला, बहुधा खुद्द गाडीलाही ठाऊक नव्हतं.

"साहेब, दहा मिनिटांत बल्ब आणतो."

"आता पुढची तारीख घ्या," साहेब म्हणाले. म्हणाले तेही बरोबरच. नियमात दिवा आहे, आणि दिवा नाही.

आम्ही गाडी बाजूला, लिंबाखाली लावली. मेहुणा बल्बच्या नावानं काहीतरी पुटपुटत होता. तेवढ्यात रांगेतून एक तरुण पळत आला. घामाघूम, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. त्याच्या टेम्पोचा नंबर आता लागणार होता.

"काका, ती पेटी देता का जरा? पाच मिनिटं. आमची घरीच राहिलीय."

मी त्याच्या टेम्पोकडे बघितलं. मागचा पत्रा एका बाजूनं खाली आला होता आणि टायर... टायरकडे मी बघायचं टाळलं. मग पेटी त्याच्या हातात दिली.

पंधरा मिनिटांनी तो ती परत घेऊन आला. झाकण नीट लावलेलं, कापूस, मलम, पट्टी जागच्या जागी. गुळपोळी नव्हती.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं की काका," तो तोंड पुसत म्हणाला. "साहेब म्हणाले, पेटी एक नंबर आहे."